गाडीवर असणाऱ्याला फोन करणारे आपणच असतो

सईची_आई

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर असते. आज वेगळं लिहितेय. तीन महिने डोक्यात आहे पण लिहायला बसलं की दोन ओळींच्या पुढे जात नव्हतं.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, साताऱ्याजवळ नोकरीला. जानेवारीतली गोष्ट, उसाचा सीझन चालू होता. संध्याकाळी सातच्या सुमारास मी त्याला फोन केला. कारण काय, तर दुसऱ्या दिवशी आईकडे हळदीकुंकू होतं आणि मला विचारायचं होतं की तिळाच्या वड्या तू विकत आणतोयस का मी घरी करू. एवढंच. त्याने उचलला, "बोल ताई". मागे वाऱ्याचा घुंघुं आवाज येत होता, म्हणजे तो गाडीवर आहे हे मला कळलं होतं. तरी मी बोलत राहिले. फोन हेल्मेटमध्ये गालाशी खोचलेला, त्याची रोजची सवय. मी म्हटलं अर्धा किलो पुरतील का रे, तो म्हणाला "पाऊण कर, आत्याकडचे पण ये" आणि वाक्य तिथेच तुटलं. ब्रेकचा आवाज नाही, ओरडणं नाही. एक धप्प, आणि मग काहीतरी लांबपर्यंत घासत गेल्यासारखं. फोन चालूच होता. मी इकडे स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून हॅलो हॅलो करतेय आणि तिकडे लांबून कुणीतरी "अय थांबव, थांबव" करतंय. माझ्या कॉल लॉगमध्ये तो कॉल ११ मिनिटांचा दिसतो, त्यातलं आमचं बोलणं दीड मिनिटाचं असेल नसेल.

उसाची ट्रॉली होती, टायर बसला म्हणून कडेला उभी केलेली, मागे रिफ्लेक्टर नाही, लाल कापड नाही, काही नाही. सगळे म्हणाले ट्रॉलीवाल्याची चूक. आहेच. पण माझा भाऊ त्याच रस्त्याने सहा वर्षं जातोय आणि सीझनमध्ये अशा उभ्या ट्रॉल्या तो रोज चुकवतो. शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "ताई मी समोरच बघत होतो गं, तरी ती मला दिसलीच नाही." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मांडीत रॉड आहे, मनगटात प्लेट आहे, हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. घरात मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, तो तर नाहीच नाही. पण मला वाऱ्याचा आवाज येत होता ना.

सगळीकडे लिहिलेलं असतं की गाडी चालवताना फोन उचलू नका. पण पलीकडून फोन करणारा कोण असतो? बायको, आई, बहीण, साहेब, गिऱ्हाईक. आपणच. याबद्दल तुम्ही घरात काही ठरवलंय का? आणि जाणकारांना विचारायचंय, समोर बघत असताना दिसलं नाही हे कसं होतं?

---

घाटरस्ता

वाचून काटा आला. ताई, सगळ्यात आधी, तुमच्या भावाला लवकर बरं वाटू दे. दोष वगैरे मनाला लावून घेऊ नका असं म्हणणार होतो पण तुम्ही जे विचारलंय ते त्याच्या पुढचं आहे, म्हणून तेच बोलतो.

मी आठवड्यातून दोनदा तरी मुंबई-पुणे करतो. ट्रकवाले एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने रील सरकवताना बघितलेत, घाटात, उतारावर. मार्च २०२५ मधलं आठवतंय का, दादरहून स्वारगेटला येणाऱ्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटची मॅच बघत होता, एका प्रवाशाने व्हिडिओ काढून थेट परिवहनमंत्र्यांना पाठवला आणि मग त्या चालकाला कामावरून काढलं. सगळे त्या चालकाबद्दल बोलले. मला मात्र सारखं वाटतं की त्या गाडीत आणखी पण लोक होते, त्यांनी पण बघितलं असेल, किती जण उठून पुढे जाऊन "दादा मोबाईल ठेवा" म्हणाले असतील? मी स्वतः एकदा ट्रॅव्हल्समध्ये पहिल्या सीटवर बसून दोन तास हे बघत होतो आणि गप्प बसलो होतो. आता बसत नाही.

एक साधा हिशोब सांगतो जो मी मुलाला लायसन काढताना सांगितला. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. मेसेज कुणाचा आहे एवढं बघायला पाच सेकंद खाली मान घातली तर ८३ मीटर गेले. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची असते, म्हणजे चार खेळपट्ट्या एकापुढे एक ठेव आणि डोळे मिटून पळत जा. तो म्हणाला पळत पण नाही जाणार बाबा.

---

अपर्णा७४

सईची_आई, तुम्हाला घट्ट मिठी. सविस्तर नंतर लिहिते, माझ्याकडे पण सांगण्यासारखं आहे.

---

मेंदूचा_विद्यार्थी

"समोर बघत होतो तरी दिसलं नाही" हे तुमचा भाऊ अगदी खरं सांगतोय, ही बतावणी नाही. यावर खूप अभ्यास झालाय, शक्य तेवढं सोपं करून लिहितो.

डोळे बघतात आणि मेंदू दखल घेतो, ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या खोट्या रस्त्यावर, गाडी चालवणाऱ्यांची नजर कुठे जाते ते मोजलं. फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर बरोबर पडत होती, पण नंतर विचारलं तर ते फलक त्यांना ओळखता येत नव्हते. नजर गेली पण आत काही पोचलं नाही. आणि हे हॅंड्सफ्रीवर बोलताना! म्हणजे प्रश्न हाताचा नाहीच.

२००६ मध्ये याच गटाने ४० लोकांना घेऊन फोनवर बोलणारे आणि दारू प्यायलेले असे दोन्ही तपासले. दारूचं प्रमाण रक्तात १०० मिलीला ८० मिलिग्रॅम, आपल्याकडची कायद्याची मर्यादा ३० आहे म्हणजे आपल्या हिशोबाने चांगलेच प्यायलेले. तीन जणांनी सिम्युलेटरवर पुढच्या गाडीला मागून धडक दिली आणि तिन्ही धडका फोनवर बोलताना झाल्या, दारूच्या फेरीत एकही नाही. फोन हातात होता की हॅंड्सफ्री, याने फरक पडला नाही. त्याच्याही आधी १९९७ मध्ये टोरांटोतल्या ६९९ चालकांचे, ज्यांचे अपघात झाले होते त्यांचे, फोनचे रेकॉर्ड तपासले होते. फोन चालू असताना अपघाताची शक्यता साधारण चौपट निघाली.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी जोडतो. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं एवढं धोक्याचं ठरत नाही कारण त्यालाही रस्ता दिसतो. समोर ट्रक आला की तो आपोआप गप्प होतो, नाहीतर "अरे अरे बघ" म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तो वड्या किती हेच विचारत राहणार. आणि ऐकणाऱ्याचं मन त्या वड्यांच्या, पाहुण्यांच्या हिशोबात, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात गेलेलं असतं. डोळे रस्त्यावर आणि मन ओट्यापाशी. लिहिताना कठोर वाटतंय, माफ करा, पण तुम्ही कारण विचारलंत.

---

मंदार_पी

माफ करा पण थोडा वेगळा सूर लावतो. ताईंच्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. मी सेल्समध्ये आहे, महिन्याला साडेतीन-चार हजार किमी गाडी चालते, कोल्हापूर सांगली बेळगाव. कारमध्ये ब्लूटूथ आहे, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. १९ वर्षांत एक ओरखडा नाही. माझा धंदाच फोनवर आहे, गिऱ्हाईकाचा फोन पहिल्या रिंगला नाही उचलला तर तो पुढच्याला लावतो. साहेबाला तर कारण चालतच नाही. दुचाकीवर हेल्मेटात फोन खोचणं चूकच आहे, मान्य. पण कारमधलं हॅंड्सफ्री आणि ते एका रांगेत बसवू नका. कायद्यात पण हातातल्या फोनलाच बंदी आहे ना?

---

वकील_करवीर

मंदार, कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे, २०१९ च्या दुरुस्तीत त्यात हातात धरून फोनसारखं साधन वापरणं स्पष्ट शब्दांत घातलं. पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दोन्ही, तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर १० हजार दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय लायसन निलंबित होऊ शकतं, रस्ता सुरक्षेवरच्या सुप्रीम कोर्टाच्या समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलंय की मोबाईलवर बोलताना सापडला तर किमान तीन महिने लायसन निलंबित करा. लोकांना वाटतं की हजार रुपये फेकले की सुटलो. तसं नाही.

मॅपबद्दल पण विचारतात लोक. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात एवढी सूट आहे की रस्ता बघण्यापुरता फोन वापरता येतो, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे स्टँडला लावून आवाज चालू ठेवा आणि पत्ता निघायच्या आधी टाका. एका हाताने टाईप करत चौक ओलांडणं त्या सुटीत बसत नाही.

हॅंड्सफ्री हातात धरण्यात येत नाही हे तुमचं बरोबर. पण कायदा फक्त एवढंच सांगतो की दंड कशाला होईल. ट्रॉली दिसेल का नाही हे कायदा ठरवत नाही.

---

ऋतुजा_ऑर्थो

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. दोन गोष्टी सांगते.

पहिली. अपघाताचा पेशंट आला की आम्ही कपडे कापून काढतो, ते आणि खिशातलं सामान एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून नातेवाइकांसाठी ठेवतो. त्या पिशवीतला फोन वाजत असतो. काच फुटलेली, रक्त लागलेलं, पण वाजत असतो. स्क्रीनवर "आई" नाहीतर "घर" नाहीतर "पिल्लू" असलं काहीतरी. एक वाजून बंद होतो, लगेच दुसरा. आमच्या सिस्टर तो उचलतात आणि पहिलं वाक्य काय बोलायचं हे त्यांना अजूनही दर वेळी सुचत नाही, वीस वीस वर्षं नोकरी झालेल्या आहेत त्या. मी आता स्वतः रस्त्यात असलेल्या कुणालाही दुसऱ्यांदा फोन लावत नाही. पहिला उचलला नाही म्हणजे तो गाडी चालवतोय, एवढं मी धरून चालते. लागोपाठ चार वेळा लावला की समोरच्याला वाटतं घरी काहीतरी झालंय आणि तो चालत्या गाडीत खिशातून फोन काढायला जातो.

दुसरी. अपघात कसा झाला विचारल्यावर फोनवर होतो असं आजवर मला अगदी मोजक्या लोकांनी सांगितलंय. कुत्रं आडवं आलं, खड्डा होता, लाईट डोळ्यावर आली. नातेवाईकच बाजूला घेऊन सांगतात की पोलिसांना, क्लेमला अडचण येईल, लिहू नका. केंद्र सरकारच्या अहवालात २०२१ सालात मोबाईलमुळे १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू दिलेत, त्या वर्षी रस्त्यावर एकूण १,५३,९७२ माणसं गेली. हा १,०४० चा आकडा मी वाचला तेव्हा हातातलं काम ठेवून दोन मिनिटं बसून राहिले. हे फक्त कबूल झालेले. कुत्र्याच्या नावावर किती गेलेत ते आम्हाला वॉर्डात दिसतं.

सईची_आई, तुमच्या भावाने खरं सांगितलं. त्याला म्हणावं असं सांगायला धैर्य लागतं. आणि फिजिओ सोडू देऊ नका, रॉडनंतर गुडघा वाकवायचा व्यायाम दुखतो म्हणून लोक बंद करतात आणि मग गुडघा कायमचा आखडतो.

---

सईची_आई

सगळ्यांचे आभार. मेंदूचा_विद्यार्थी, माफी कसली, उलट बरं वाटलं की तो खोटं बोलत नव्हता. खरं सांगायचं तर मनात कुठेतरी मला पण शंका होती की खाली बघत असेल आणि मला लागू नये म्हणून सांगतोय. तुमचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला "म्हणजे मी वेडा नाही ना".

डॉक्टर, त्या पिशवीचं वाचलं. माझा फोन पण असाच वाजत राहिला असणार. ११ मिनिटांनी कट झाल्यावर मी सतरा वेळा लावला होता.

---

लालपरी_निवृत्त

मी एसटीत २८ वर्षं चालक होतो, आता निवृत्त, टायपिंग सुनबाईने शिकवलंय तेव्हा चुका पोटात घाला.

आमच्या गाडीत चालकाच्या डोक्यावर पाटी असायची, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. लोक हसायचे त्या पाटीला. वरती साहेबांनी परदेशातला अभ्यास लिहिलाय तो वाचून मला ती पाटीच आठवली, हेच तर लिहिलेलं होतं तिच्यावर. कंडक्टर सुद्धा आमच्याशी बोलायचा नाही, दोरी ओढायचा. एक टोल म्हणजे थांब, दोन टोल म्हणजे चल. त्याच्यापलीकडे गाडी चालू असताना काही बोलायचं कामच नव्हतं. खंबाटकी उतरताना, कसारा चढताना मी कित्येक वेळा शेजारच्या सीटवरच्या ओळखीच्या माणसाला सांगितलंय की बापू, खाली उतरल्यावर बोलू.

माझा बाप वारला तेव्हा मी मुक्कामी गाडी घेऊन चाललो होतो. फोन नव्हते. डेपोत निरोप आला, कंट्रोलरने पुढच्या स्टँडला कळवलं, तिथे मी गाडी लावली, चहा दिला मला त्यांनी, खाली बसवलं आणि मग सांगितलं. पुढे दुसरा चालक दिला. त्या लोकांना कळत होतं की चालत्या गाडीच्या माणसाला काय सांगायचं आणि कधी सांगायचं. आज तसल्या बातमीचा फोन थेट चालकाच्या कानात येतो, ४५ माणसं मागे बसलेली असताना. बातमीच कशाला, घरचं भांडण, बँकेचा हप्ता, मुलाचा निकाल, सगळं येतं. मला विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, लोक म्हणतात काका तुमचा हात चांगला. हात नाही हो, त्या काळी मला कुणी फोन करू शकत नव्हतं.

मंदारराव, १९ वर्षं ओरखडा नाही ही चांगली गोष्ट आहे, देव तसंच ठेवो. पण रोज परत आल्यावर मी गाडीला हात लावून पाया पडायचो. त्या दिवसापुरतं झालं असं समजून. उद्याचं उद्या परत पहिल्यापासून असतं.

---

घाटरस्ता

काका, साष्टांग नमस्कार. चहा देऊन, खाली बसवून मग सांगितलं, हे बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

---

पार्सल_घेऊन_निघालो

मी पुण्यात डिलिव्हरी करतो, इथे फक्त वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय. तुम्ही सगळे शिकलेले लोक आहात म्हणून एक विनंती करायची आहे.

आम्हाला फोन कोण करतं? गिऱ्हाईक. "कुठे आहात?" मॅपवर गाडी हलताना दिसत असते तरी फोन येतो. म्हणजे मी गाडी चालवतोय हे त्यांना स्क्रीनवर दिसतंय आणि तरी फोन करतात. उचलला नाही तर एक स्टार. एका ऑर्डरला तीन तीन फोन येतात आणि त्यातले निम्मे पत्त्याचे असतात कारण पत्त्यात बिल्डिंगचं नाव असतं पण विंग नसते, गेट कुठलं ते नसतं, नुसतं "मारुतीच्या देवळाजवळ" लिहिलेलं, पुण्यात मारुतीची देवळं किती आहेत सांगा. मग मी एका हाताने गाडी आणि एका हाताने फोन, आणि ते "सरळ या, डावीकडे वळा, नाही नाही मागे जा" सांगतात. पावसात तर स्क्रीनवर बोट पण चालत नाही, फोन कट करायला जावं तर उचलला जातो.

माझ्याबरोबरचा एक पोरगा मागच्या पावसाळ्यात असाच पत्ता ऐकता ऐकता दुभाजकावर गेला. कॉलर बोन मोडलं, दोन महिने घरी, कमाई शून्य.

विंग, मजला, गेट, सगळं ॲपमध्ये एकदाच नीट लिहून ठेवा आणि पिन स्वतःच्या बिल्डिंगवर ठेवा. गाडी हलताना दिसत असेल तर फोन करू नका. जेवण पाच मिनिटं उशिरा आलं तरी गरम असतं, आम्ही बॅगेत ठेवतो.

---

अपर्णा७४

आता लिहिते. वरचा प्रतिसाद वाचून आणखीनच वाटलं.

आमच्या सोसायटीतली ११ मुलं एका व्हॅनने शाळेत जातात. मागच्या वर्षी व्हॅनवाल्या दादांशी सहज बोलत होते तर त्यांनी फोन काढून दाखवला, सकाळी साडेसहा ते सव्वासात या पाऊण तासात १४ कॉल. सगळे आयांचे. "दादा कुठे पोचलात", "दादा आज दोन मिनिटं थांबा, डबा भरतेय", "दादा आज येत नाहीये तो, ताप आहे", "दादा बाटली व्हॅनमध्ये राहिलीय का बघा". त्यातले दोन माझे होते! दादा म्हणाले, मॅडम नाही उचलला तर तुम्हीच म्हणता की पोरं गाडीत आहेत आणि हा फोन उचलत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. उत्तर प्रदेशातलं कुशीनगर आठवत राहिलं, २६ एप्रिल २०१८, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग आणि शाळेची व्हॅन, १३ मुलं गेली. ड्रायव्हरच्या कानात इयरफोन होते असं तेव्हा प्राथमिक चौकशीतून सांगण्यात आलं होतं. बातमी बघून आम्ही सगळ्याच ड्रायव्हरला शिव्या देत होतो. आणि इकडे आपल्याच मुलांच्या ड्रायव्हरला पाऊण तासात १४ कॉल.

मग आम्ही बसून ठरवलं. व्हॅनमध्ये एक मावशी असतात, मुलांची चढउतार बघायला, त्यांना आम्ही पैसे काढून एक साधा बटणांचा फोन घेऊन दिला. सगळे फोन मावशींना. दादांचा फोन गाडी सुरू झाली की मावशींच्या पिशवीत. येणार नसेल तर आदल्या रात्री नाहीतर सकाळी सहाच्या आत मेसेज. पहिला आठवडा एक-दोघी कुरकुरल्या. पण दादांनी महिन्याभराने जे सांगितलं ते महत्त्वाचं, म्हणाले मॅडम आता मला सकाळी रस्त्यावरची बाकीची पोरं दिसायला लागली, सायकलवरची.

---

जाई_जुई

अपर्णाताई, मावशींचा फोन ही कल्पना आमच्या ग्रुपवर टाकतेय, चालेल ना?

---

अपर्णा७४

विचारायचं काय त्यात, नक्की टाका.

---

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे हातात फोन धरलेला सापडला तर २०० पौंड दंड आणि लायसनवर ६ पॉइंट, आणि लायसन काढून दोन वर्षं झाली नसतील तर त्या ६ पॉइंटांत लायसन जातंच, परत पहिल्यापासून परीक्षा. २५ मार्च २०२२ पासून तर फोटो काढणं, गाणं बदलणं, सिग्नलला उभं असताना बघणं, सगळंच त्यात आलं. त्यामुळे हातात फोन मी कधी धरत नाही.

पण आईचा फोन गाडीच्या स्पीकरवर घेत होतो रोज. मी पाचला ऑफिसातून निघतो, उन्हाळ्यात तेव्हा नाशकात रात्रीचे साडेनऊ, आईची जेवणंखाणं आटपलेली, भांडी झालेली, ती निवांत खाटेवर बसते आणि लावते. दोघांनाही तीच वेळ सोयीची. अर्धा तास रस्ता, अर्धा तास आई. मला तो दिवसातला सगळ्यात चांगला वेळ वाटायचा. एकदा ती बाबांचं शुगरचं सांगत होती आणि मी घरी येऊन पार्किंगमध्ये गाडी लावली आणि लक्षात आलं की मधला शाळेसमोरचा पट्टा मला आठवतच नाहीये. झेब्रा क्रॉसिंग आहे तिथे. थांबलो होतो का नाही, कुणी होतं का, काहीच नाही. त्या दिवशी हात थरथरायला लागले.

आता मी ऑफिसच्या पार्किंगमध्येच गाडीत बसून आईला फोन लावतो, वीस मिनिटं बोलतो, मग निघतो. घरी वीस मिनिटं उशिरा पोचतो. आईला कारण सांगितलं तर म्हणाली, "आधी सांगायचंस ना, मला वाटायचं तू घरी बसलायस." दोन वर्षं तिला माहीतच नव्हतं!

मंदार, हे कारमधल्या हॅंड्सफ्रीचंच सांगतोय मी.

---

मंदार_पी

लेस्टरकर, वाचलं. काकांचं पण वाचलं. दोन दिवस काही लिहिलं नाही कारण उगाच उत्तराला उत्तर द्यायचं नव्हतं.

काल बेळगावहून निघताना फोन बॅगेत आणि बॅग डिकीत ठेवली. निपाणीला चहाला थांबलो तेव्हा ९ मिस्ड कॉल. तिथेच झाडाखाली उभं राहून सगळ्यांना लावले, २५ मिनिटं गेली. सात जणांना काही वाटलं नाही. एक गिऱ्हाईक चिडलं. एक ऑर्डर खरोखरच दुसऱ्याला गेली, छोटी नव्हती. म्हणजे माझं म्हणणं अगदीच खोटं नाही, नुकसान होतं, आणि ज्यांची नोकरी टार्गेटवर आहे त्यांना हे सांगणं सोपं नाही. साहेबांशी बोलणार आहे की दौऱ्यावर असताना ११ आणि ४ या दोन वेळा ठरवून घेऊ. ऐकतील का माहीत नाही.

पण कागलच्या अलीकडे एक म्हातारी शेळ्या घेऊन हायवे ओलांडत होती. मी आरामात थांबलो. आणि नंतर मला वाटत राहिलं की एरवी त्या पट्ट्यात मी रोज ऑफिसशी बोलत असतो.

एक मदत हवी होती, गाडी चालू असताना फोन करणाऱ्याला आपोआप मेसेज जातो ते कसं लावायचं?

---

मेंदूचा_विद्यार्थी

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये फोकस, त्यात ड्रायव्हिंग. गाडीच्या ब्लूटूथला जोडलं की आपोआप चालू होईल असं ठेवता येतं आणि खाली उत्तराचा मजकूर आपल्याला हवा तो मराठीत लिहिता येतो. अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणे जागा बदलते, सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी ड्रायव्हिंग टाकून बघा. घरच्यांचे नंबर अपवादात घालायचा मोह होतो, तो टाळा. सगळ्यात जास्त फोन त्यांचेच असतात.

मजकूर मी असा ठेवलाय: "गाडी चालवतोय. पोचलो की मीच करतो. घाईचं असेल तरी मी थांबल्यावरच बघणार आहे."

---

मंदार_पी

लावला. शेवटचं वाक्य साहेबांसाठी थोडं मऊ केलंय.

---

सईची_आई

मंदार, ऑर्डर गेली ते वाचून वाईट वाटलं आणि तरी ठेवलात बॅगेत, त्याबद्दल मनापासून.

आमच्या घरात आता एवढं ठरलंय की फोन उचलल्यावर पहिलं वाक्य "कुठे आहेस" नाही, "गाडीवर आहेस का". हो म्हटलं किंवा वाऱ्याचा आवाज आला की फोन करणाऱ्याने ठेवायचा. उचलणाऱ्यावर सोडायचं नाही, कारण त्याला ठेववत नाही, समोर आई असते, बहीण असते. सई आठ वर्षांची आहे, तिने परवा तिच्या बाबांना फोन लावला आणि "गाडीवर आहात का" विचारून त्यांनी हो म्हणायच्या आत ठेवून पण दिला.

भाऊ काल पहिल्यांदा काठी न घेता जिना उतरला. चौदा पायऱ्या, मी खाली उभी राहून मोजत होते. डॉक्टर, गुडघा बराच वाकतो आता, व्यायाम करताना ओरडतो पण करतो. ट्रॉलीवाल्याची केस चालू आहे. त्याचं ते हेल्मेट आईने टाकायचं म्हणून बाजूला ठेवलं होतं, डाव्या गालापाशी फोन खोचून खोचून आतला फोम दबून खड्डा पडलेला आहे. त्याने ते टाकू दिलं नाही, आणि नवीन आणलंय ते मुद्दाम इतकं घट्ट घेतलंय की त्यात फोन जातच नाही.